शिट्टीमावशीची बोटं

शिट्टीमावशीने झाकण लावलेली बरणी तिच्या घरात दुसऱ्या कोणाला उघडत नसे. नवरा आधी नुसत्या हाताने झटायचा, मग फडकं घेऊन, मग बरणी पोटाशी धरून दात-ओठ खाऊन, आणि शेवटी मुकाट्याने ती तिच्यासमोर आणून ठेवायचा. ती दोन बोटांनी झाकण काढून द्यायची आणि ‘यात काय आहे एवढं’ असा चेहरा करायची. तिला खरोखरच कळत नसे, की यात काय आहे एवढं.

त्या बोटांमागे एकतीस वर्षं होती. सायकलींच्या कारखान्यात ती चाकांच्या तारा आवळायची. चाक फिरवायचं, कुठे डुलतंय ते बघायचं, तिथली तार आवळायची, पुन्हा फिरवायचं. सकाळी आठ ते दुपारी चार हाच उद्योग. चार वाजले की हात धुऊन ती कारखान्याच्या बँडमध्ये जायची आणि तिथे पिकोलो वाजवायची. पिकोलो म्हणजे फ्लूटचं शेंडेफळ. कोटाच्या आतल्या खिशात मावेल एवढी, पण आवाज असा की अख्खा बँड एका बाजूला आणि ती एकटी एका बाजूला. बँडमध्ये तीस पुरुष आणि ही एक बाई. त्यांनी तिचं नाव ‘शिट्टी’ ठेवलं. पहिलं वर्षभर तिने त्या नावाचा राग राग केला, मग ते तिला चिकटलं, आणि पुढे वयाप्रमाणे त्याला ‘मावशी’ जोडलं गेलं. आता तिचं खरं नाव फक्त नवऱ्याला आणि पेन्शनच्या कचेरीला ठाऊक होतं.

आधी बँड बंद पडला, मग कारखाना. मावशीला घरी बसवेना. तेव्हापासून तिला एक नवंच काम लागलं, आणि ते तिने मागून घेतलेलं नव्हतं. कुणाला स्वस्तातली फ्लूट घ्यायची असली की तो तिच्या दारात यायचा. महागाच्या फ्लूटला पारखी लागत नाही. तिची किंमतच तिच्याबद्दल बोलते. खरी पंचाईत स्वस्तातली. ती महागाच्या फ्लूटइतकीच चमकते, तशाच निळ्या मखमलीच्या पेटीत निजते, आणि एका खोक्यात चाळीस असल्या तर चाळीसही जुळ्या वाटतात. त्यातल्या चार-पाच मनापासून गातात, दहा-बारा कशाबशा बोलतात आणि उरलेल्या पडदे टांगायला बऱ्या. कोणती कुठल्या पंक्तीतली हे शोधून काढायचं, याचं मावशीला विलक्षण कुतूहल होतं. इतक्या सारख्या दिसणाऱ्या वस्तू इतक्या वेगळ्या कशा निघतात, हा प्रश्न तिला नऊ वर्षं पुरला होता.

घाऊक व्यापाऱ्याचं दुकान लांबट होतं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, मध्ये एक माणूस आडवा चालेल एवढी वाट, आणि टोकाला खिडकीजवळ एक काचेचं टेबल. मावशी आली की व्यापारी स्वतः ते टेबल पुसायचा. मग ती एकेक पेटी उघडे. आधी वास घेई, कारण गोंदाचा वास जास्त असला तर गाद्या घाईने चिकटवल्यात असं तिचं मत होतं. या गाद्या म्हणजे झाकणांच्या पोटातल्या मऊ चकत्या. त्या भोकावर नीट बसल्या तर हवा आत राहते, नाही तर निसटते. मग ती तोंडाचा तुकडा हातात घेई आणि फुंकायच्या भोकाच्या कडेवरून करंगळी फिरवी. कड खरखरीत लागली की फ्लूट बाजूला. त्या तुकड्यात पुसायची काडी घालून आतलं बूच जागेवर आहे का ते बघे. काडीवरची रेघ भोकाच्या बरोबर मधोमध आली पाहिजे. मग तिन्ही तुकडे जोडायचे. सांधा ढिला नको आणि रुसलेला नको, थोडा पीळ देऊन बसला पाहिजे. जोडलेली फ्लूट कानाशी धरून हलकेच हलवायची. आत काही खुळखुळलं तर तीही गेली. एवढ्या चाळणीतून उरेल ती ओठाला लावायची आणि सगळ्यात खालचा सूर काढायचा, कारण त्याला सगळी झाकणं बंद लागतात. तो जाड आणि गोल आला की मावशी मान हलवी. तिची मान हलली की व्यापारी पेटीवर खडूने फुली मारी.

दुकानाचा दुरुस्तीवाला कोपऱ्यात बसून बघत असे. त्याची स्वतःची रीत वेगळी होती. तो पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदाची पट्टी झाकणाखाली सरकवायचा, झाकण हलकेच टेकवायचा आणि पट्टी ओढून बघायचा. ती अडकली तर गादी बसते, सुळकन आली तर नाही. मावशी त्याला हसायची. ज्याला वाजवता येत नाही त्याने कागद ओढत बसावं, असं ती एकदा त्याच्या तोंडावर म्हणाली होती, आणि त्यानंतर तो तिच्यासमोर पट्ट्या काढत नसे.

व्यापारी मात्र तिच्यावर बेहद्द खूश होता. दुकानाच्या नियमाप्रमाणे बिघडलेला माल महिनाभरात परत घ्यावा लागे, आणि स्वस्त मालाच्या धंद्यात हीच खरी डोकेदुखी. मावशीने निवडलेल्या फ्लूट आणि पिकोलो नऊ वर्षांत एकदाही परत आल्या नव्हत्या. खुर्चीत मागे रेलून तो नव्या गिऱ्हाइकांना हे सांगायचा, आणि मावशी ऐकू न आल्यासारखं करायची. आतून तिला गुदगुल्या व्हायच्या.

नऊ वर्षांत तिच्या हातून एकच फ्लूट वाया गेली होती, आणि तो दोष फ्लूटचा नव्हता, नवऱ्याचा होता. तो पाणीखात्यात मीटर तपासायचा. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, मलाही फ्लूट शिकायची आहे. मावशीने चाळीस पेट्या उघडून त्याच्यासाठी एक निवडली. दोन महिने तो रोज संध्याकाळी खिडकीशी बसून फुंकत राहिला. वरचे दोन-तीन सूर यायचे, खाली गेला की नुसती फुसफुस. मावशी ती फ्लूट हातात घ्यायची, खणखणीत वाजवून दाखवायची आणि म्हणायची, “अहो, तुमच्या छातीत हवा नाही, नुसती हुशारी आहे.” घरात हे वाक्य इतकं चाललं की पाहुणेसुद्धा ते म्हणायला लागले. नवराही हसायचा. मग एक दिवस त्याने पेटी कपाटावर ठेवली आणि शब्दकोडी सोडवायला लागला.

यंदा धाकटीने, म्हणजे मावशीच्या सख्ख्या बहिणीने, वाचनालयाच्या माडीवर फ्लूटचा वर्ग काढला. वर्ग म्हाताऱ्यांचा; साठीच्या आत प्रवेश नाही, असं तिने पाटीवरच लिहिलं होतं. आठ माणसं आली. त्यांच्यासाठी मावशीने आठ फ्लूट निवडून दिल्या आणि धाकटीसाठी एक पिकोलो. वाचनालयाची अट एवढीच होती की महिनाअखेरीस वर्गात निदान सहा माणसं दिसली पाहिजेत, नाही तर खोली बुद्धिबळवाल्यांना. बुद्धिबळवाले दर गुरुवारी दाराशी येऊन डोकी मोजून जायचे.

पहिले दोन आठवडे मजेत गेले, कारण दोन आठवडे धाकटीने सगळ्यांना फक्त तोंडाचा तुकडा फुंकायला दिला होता. तिसऱ्या आठवड्यात अख्खी फ्लूट जोडली आणि वर्गाचा आवाजच बसला. वरचे सूर लाजतमुरकत यायचे, खाली उतरलं की फुस्स. चौथ्या गुरुवारी दोघं आलेच नाहीत. उरले सहा, आणि त्यातल्या सिस्टर जायच्या बेतात होत्या. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेल्या या बाईंना सगळे सिस्टरच म्हणत. एकट्या राहायच्या. पहिल्या धड्यानंतर त्या धाकटीला म्हणाल्या होत्या, की घरात इतके दिवस फक्त घड्याळाचा आवाज होता, आता माझाही आहे. त्याच सिस्टरनी आता पेटी मिटून तिच्यापुढे ठेवली आणि सांगितलं, की गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला होता, फुफ्फुसांत काही राहिलेलं दिसत नाही, जागा दुसऱ्या कोणाला द्या. धाकटीने त्यांना एक आठवडा थांबायची गळ घातली आणि ताईला निरोप धाडला.

वर्ग सुटायच्या आत मावशी आली, ओळीने सहाही फ्लूट उचलल्या आणि वाजवल्या. सहाही खणखणीत. खालचा सूर असा जाड आला की खालच्या मजल्यावर पेपर वाचणाऱ्यांनी वर बघितलं असेल. मग तिने प्रत्येकाची फ्लूट त्याच्या हातात परत दिली, आणि प्रत्येकाच्या हातात ती पुन्हा मुकी झाली. म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघून ओशाळली. कोणी म्हणालं, आता वय झालं. कोणी दातांच्या कवळीला दोष दिला.

घरी जाताना धाकटी म्हणाली, “ताई, खरं सांगू? त्या मलाही जरा जड जातात. पण तू निवडलेल्या म्हटल्यावर मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

एरवी मावशी या वाक्याने सुखावली असती. त्या दिवशी मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. एका माणसाला जमलं नाही तर त्याची छाती, दोघांना जमलं नाही तर त्यांचं वय; पण सहाच्या सहा जणांना जमत नाही आणि शिकवणारीलाही जड जातं, हे काय गौडबंगाल आहे? तिला राग आला नाही, तिला चैन पडेना. चाक डुलत असलं की कुठली तरी तार ढिली असतेच. ती सापडेपर्यंत चाक फिरवायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपली जुनी पिकोलो घेऊन सिस्टरकडे गेली. सिस्टरचं घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं, चादरीचे कोपरे रुग्णालयातल्यासारखे घडी घालून खोचलेले. मावशीने सांगितलं की मला एक कोडं पडलंय आणि ते सोडवायला तुमचं तोंड हवंय. सिस्टर हसल्या, बऱ्याच दिवसांनी हसत असाव्यात तशा.

आधी मावशीने आपली पिकोलो त्यांना दिली. बँडमधली, हजार वेळा वाजवलेली, तिच्या लेखी जगातली सगळ्यात आज्ञाधारक वस्तू. सिस्टरनी फुंकली आणि तिच्यातून पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा आवाज आला. मावशी चक्रावली. या पिकोलोला ती स्वतःपेक्षा चांगली ओळखत होती.

मग तिला एक युक्ती सुचली. तिने सिस्टरची फ्लूट घेतली, त्यांच्या पाठीमागे उभी राहिली आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे घालून फ्लूट त्यांच्या ओठाशी धरली. बोटं माझी, फुंकर तुमची, असं तिने सांगितलं. सगळी झाकणं तिने बंद केली. सिस्टरनी फुंकलं. खालचा सूर आला, जाड, गोल, खोलीभर. सिस्टर इतक्या दचकल्या की त्यांनी ओठच काढले. पुन्हा फुंकलं, पुन्हा आला.

“म्हणजे हवा आहे,” मावशी म्हणाली.

“आहे की,” सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरले.

आता अदलाबदल. मावशी पुढे, सिस्टर मागे. फुंकर मावशीची, तीस वाद्यांना पुरून उरलेली, आणि बोटं सिस्टरची. आली ती फुसफुस. मावशीने आणखी जोर लावला. फुसफुस वाढली, सूर नाही. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिला एका फ्लूटने दाद दिली नव्हती. तिने सिस्टरना नुसतीच बोटं टेकवायला सांगितली आणि वाकून जवळून बघितलं. सिस्टरची बोटं झाकणांवर फुलपाखरासारखी बसली होती. तिने त्यांना जोरात दाबायला सांगितलं.

“जोरात?” सिस्टर म्हणाल्या. “मला नाही जमायचं ते. पस्तीस वर्षं नाड्या बघितल्यात. नाडी दाबली की सापडत नाही हो. आणि अंगठ्याने तर बघायचीच नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. अंगठ्याने बघितली की पेशंटची नाही, आपलीच नाडी लागते.”

मावशी फ्लूट मांडीवर ठेवून बसून राहिली. सिस्टरनी चहाचं विचारलं ते तिला ऐकू गेलं नाही. तिला कारखान्याच्या बँडमधला पहिला दिवस आठवत होता. वाद्यं कुठल्याशा मोडीत निघालेल्या बँडकडून आणलेली. हीच पिकोलो तिच्या हातात आली तेव्हा सूर देत नव्हती, आणि बँडमास्तर म्हणाला होता, दाब जरा. तारा आवळून घट्ट झालेल्या बोटांनी तिने दाबलं आणि सूर आला. त्या दिवसापासून ती दाबत होती. झाकणाखाली गादी बसत नसली तरी तिचं बोट तिला बसवायचं, आणि हे सगळं तिला न विचारता व्हायचं. व्यापाऱ्याच्या टेबलापाशी ती ज्या फ्लूटला मान हलवायची, त्या फ्लूटची नाही, आपल्याच बोटांची पारख करत आली होती. आपलीच नाडी लागत होती तिला. नऊ वर्षं.

तिने सिस्टरकडे पातळ कागद मागितला. औषधाच्या बाटलीला गुंडाळून आलेला एक निघाला. तिने पट्ट्या कापल्या, एकेका झाकणाखाली सरकवल्या, आणि सिस्टरना म्हणाली, नाडी बघा. सिस्टरनी बोटं टेकवली. बोटांखालच्या सात झाकणांपैकी तीन ठिकाणची पट्टी सुळकन बाहेर आली. त्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याला आपण काय बोललो होतो ते मावशीला शब्दन् शब्द आठवलं आणि तिचे कान तापले.

महिना संपायला तीन दिवस होते. माल अजून परत करता येणार होता. धाकटीने उपाय काढला, की टेंपोतून आणताना खोकी आपटली असं सांगू. ताईचं नावही राहील आणि फ्लूटही बदलून मिळतील. मावशीला तो उपाय आवडला. सहा फ्लूट आणि वर्ग सोडून गेलेल्यांच्या दोन अशा आठ पेट्या पिशव्यांत भरून, पिकोलो धाकटीच्या पर्समध्ये टाकून सिस्टरसकट तिघी दुकानाकडे निघाल्या, तेव्हा टेंपोचं वाक्य मावशीच्या जिभेवर तयार होतं.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. व्यापाऱ्याने सवयीने टेबल पुसलं, आणि पिशव्यांतून ओळखीच्या पेट्या निघताना बघून त्याचा हात थांबला. मावशी म्हणाली, या वाजत नाहीत. त्याला ती थट्टाच वाटली. त्याने एक पेटी उघडली, फ्लूट जोडली आणि तिच्या हातात दिली. नाही वाजत ते वाजवून दाखवा, म्हणाला.

आता आली पंचाईत. मावशीला वाईट वाजवायचं होतं, आणि तेच तिला येत नव्हतं. तिने बोटं अलगद टेकवली, सिस्टरसारखी. पहिला सूर फुसका आला, दुसराही, आणि ती मनात म्हणाली, जमतंय. पण तिसऱ्या सुरापाशी बँडची जुनी धून आपोआप ओठांवर आली आणि बोटं आपल्या जुन्या मालकिणीकडे परत गेली. धून दुकानभर घुमली. दाराशी उभा असलेला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, हीच मला द्या.

व्यापारी हसला. धाकटीने मावशीच्या पाठीला हळूच टोचलं. टेंपो म्हण, असा त्याचा अर्थ. मावशीने त्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. चाळिशीचा, हातात भाजीची पिशवी, चेहरा आशेने फुललेला. तिच्या हातातला सूर ऐकून तो ही फ्लूट घरी नेणार होता, आणि चार आठवड्यांनी आपल्या छातीला दोष देऊन ती कपाटावर ठेवणार होता. कपाटावर. तो शब्द मनात आला मात्र, आणि तिने हातातली फ्लूट टेबलावर ठेवली.

“ही घेऊ नका,” ती त्याला म्हणाली, आणि मग व्यापाऱ्याकडे वळली. “टेंपो नाही, काही नाही. चूक माझी आहे. नऊ वर्षं मी तुमच्या फ्लूट तपासल्याच नाहीत. नुसत्या वाजवल्या. गळक्या झाकणावर मी जोर देते आणि मला कळतही नाही. माझ्या हातात सगळ्याच वाजतात, म्हणून माझ्या हाताला काही किंमत नाही.”

व्यापाऱ्याला आधी समजेना. मग तिघींनी तिथेच काचेच्या टेबलापाशी तो प्रयोग करून दाखवला. दोन म्हाताऱ्या एकीच्या पाठीशी एक उभ्या राहून एकच फ्लूट वाजवताहेत हे बघायला रस्त्यावरची माणसंही आत डोकावली. सूर, मग फुसफुस, मग पुन्हा सूर. कोपऱ्यातला दुरुस्तीवाला उठला आणि पट्ट्यांचा डबा घेऊन टेबलाशी आला.

“मावशी, हे चारचौघांत सांगायची गरज नव्हती,” व्यापारी हळू आवाजात म्हणाला. “बदलून मी दिल्याच असत्या.”

“होती,” मावशी म्हणाली. “चारचौघांतच तर तुम्ही माझं नाव घेता.”

तो खुर्चीत बसला, पण मागे रेलला नाही. नऊ वर्षांत एकही परत नाही, याचा त्याने लावलेला अर्थ आणि खरा अर्थ यांतलं अंतर त्यालाही आता दिसत असावं. परत आल्या नाहीत, कारण मावशीने निवडलेली फ्लूट वाजली नाही तर माणूस फ्लूट परत आणत नसे, स्वतःच परत जात असे. किती गेले असतील हे मोजायला काही साधन नव्हतं. मावशीला फार वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलं नाही. ती टेबलाशी बसून सरळ डोळे पुसत होती.

मग कामाला लागायचं होतं. नवी दोन खोकी फोडली. वास मावशीचा, करंगळी मावशीची, बुचाची काडीही तिचीच, फुंकरही तिची. बोटं मात्र सिस्टरची आणि शेवटचा शब्द दुरुस्तीवाल्याच्या कागदाचा. फुंकताना मावशीने आपले हात मुद्दाम पाठीमागे बांधून घेतले, तरी ते सारखे पुढे यायचे. दुपार उलटेपर्यंत एकूण पाच फ्लूट निघाल्या. परत आणलेल्यांतल्याच तीन आणि पिकोलो दुरुस्तीवाल्याने गाद्या बसवायला ठेवून घेतल्या आणि बुधवारी देतो म्हणाला. जाताना मावशीने त्याला विचारलं, की त्या पट्ट्या कुठल्या कागदाच्या. त्याने मूठभर काढून तिच्या पिशवीत टाकल्या.

घरी आली तेव्हा नवरा खिडकीशी शब्दकोडं घेऊन बसला होता. तिने चप्पलही काढली नाही. स्टूल ओढलं, कपाटावरची पेटी खाली घेतली, फडक्याने धूळ पुसली आणि फ्लूट जोडली. मग एकेका झाकणाखाली पट्टी घातली आणि त्याला म्हणाली, जरा इकडे बोट टेकवा. तो काय चाललंय ते न कळून बोट टेकवत गेला. एक पट्टी सुळकन आली. दुसरी आली. चौथी आली. मावशीच्या हातात चार पट्ट्या जमल्या.

तिने त्याला सगळं सांगितलं, अगदी सिस्टरच्या अंगठ्यापर्यंत. सांगून झाल्यावर ती त्याच्या मागे उभी राहिली, हात पुढे घालून फ्लूट त्याच्या ओठांशी धरली आणि झाकणं बंद केली. तो एवढंसंच फुंकला, हसू होईल या भीतीने फुंकावं तसा. तरीही सूर आला, आणि आठ वर्षं कपाटावर पडून राहिलेल्या फ्लूटला शोभेल इतका खोल आला.

नवऱ्याने ओठ काढले.

“म्हणजे माझी छाती बरी होती,” तो म्हणाला.

“बरी होती,” मावशी म्हणाली. “सगळ्या पाहुण्यांसमोर खोटं बोलले मी. प्रत्येकाला फोन करून सांगते.”

“प्रत्येकाला नको,” तो म्हणाला. “फक्त तुझ्या भावाला कर. तो फार हसायचा.”

तिने आधी भावाला फोन केला, मग नवऱ्याला न विचारता बाकीच्यांनाही. गुरुवारी वाचनालयाच्या माडीवर बुद्धिबळवाले दाराशी आले तेव्हा आत धाकटीला सोडून नऊ डोकी होती. गेलेले दोघं परत आले होते, सिस्टर पहिल्या खुर्चीत होत्या, आणि शेवटच्या खुर्चीत पाणीखात्यातला एक निवृत्त माणूस दुरुस्त झालेली फ्लूट मांडीवर घेऊन आपली पाळी येण्याची वाट बघत होता. त्याची बायको जिन्यात बसली होती. आत आली तर तिची बोटं स्वस्थ बसली नसती.